कबूल, नाकबूल

वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल हाती पडणाऱ्या कागदाला आपण मराठीत 'पावती' म्हणतो. पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि 'पावती फाडली', हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यातली गंमत आपल्या लक्षातच येत नाही. पावती म्हणजे पैसे पोचल्याची खूण. पैसे दिले जाणारच, किंबहुना दिलेच, हे या शब्दाने गृहीत धरलेले असते. अपराध घडला होता की नाही, या प्रश्नाला तिथे जागाच उरत नाही. अमेरिकेत याच कागदाला बोलीभाषेत 'तिकीट' म्हणतात. तिकीट पैसे भरून घ्यायचे असते आणि ते घेतल्यावर माणसाला कशात तरी प्रवेश मिळतो. व्हर्जिनिया राज्यात मात्र या कागदाच्या माथ्यावर स्वच्छ अक्षरांत 'समन्स' असे छापलेले असते. समन्स म्हणजे बोलावणे. तुमच्यावर एक आरोप आहे, अमुक तारखेला अमुक न्यायालयात या आणि त्याला उत्तर द्या, एवढेच तो कागद म्हणत असतो. एकाच वस्तूची ही तीन नावे तिच्याकडे पाहण्याच्या तीन वृत्ती सांगतात: पैसे देऊन मोकळे होणे, पैसे देऊन कशात तरी शिरणे आणि उत्तर देणे.

या तीन वृत्तींचा विचार करण्याची वेळ माझ्यावर २०२४ च्या शरद ऋतूत आली. माझा भाचा न्यू जर्सीत पीएच.डी. करतो. वाहनपरवाना त्याच राज्याचा. नॉर्थ कॅरोलायनातल्या मित्राकडे जाताना व्हर्जिनियातल्या महामार्गावर राज्य पोलिसाने त्याला थांबवले. तिथली मर्यादा ताशी ७० मैलांची आणि रडारने दाखवलेला वेग ८६. आपल्या हिशेबात सांगायचे तर ११३ किलोमीटरच्या जागी १३८. अमेरिकेतील महामार्गांवर मर्यादेहून दहा-बारा मैल अधिक वेगाने जाणारी वाहने पावलोपावली दिसतात. त्यामुळे त्यालाही प्रथम यात फार काही घडले आहे असे वाटले नाही. समन्सवर सही करताना पोलिसाने त्याला बजावून सांगितले की ही सही अपराधाची कबुली नव्हे, केवळ हजर राहण्याचे वचन आहे. त्याने सही केली आणि पुढच्या थांब्यावरून मला त्या कागदाचे छायाचित्र पाठवले. सोबत प्रश्न होता: "मामा, हे ऑनलाइन भरता येतं ना?"

येत नव्हते. कागदावर पोलिसाने जे कलम लिहिले होते ते साध्या वेगभंगाचे नव्हते. व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार मर्यादेपेक्षा २० मैल किंवा त्याहून अधिक वेग, अथवा मर्यादा काहीही असली तरी ताशी ८५ मैलांहून अधिक वेग, हे 'बेदरकार वाहन चालवणे' ठरते आणि तो पहिल्या वर्गाचा फौजदारी अपराध आहे. त्याला कमाल शिक्षा बारा महिने तुरुंगवास आणि २५०० डॉलर दंड. ही ८५ ची रेषा २०२० च्या जुलैपर्यंत ८० वर होती. भाचा मर्यादेच्या वर होता १६ मैल, आणि त्या दुसऱ्या रेषेच्या वर होता फक्त एक. तो एक मैल नसता तर तोच कागद साध्या 'वाहतूक नियमभंगा'चा झाला असता, ज्याविषयी व्हर्जिनियाचा कायदा आवर्जून सांगतो की तो सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग आहे आणि फौजदारी स्वरूपाचा मानला जाणार नाही. छायाचित्रात मात्र दोन्ही कागद सारखेच दिसले असते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नवे नसावे. संहिता एकच असते आणि एका अक्षराने तिचा प्रकार बदलतो.

परराज्यातील अशा कागदाचे काय करायचे, याविषयी अमेरिकेतील मराठी घरांमध्ये दोन समजुती ठाम आहेत. पहिली अशी की दुसऱ्या राज्यातला दंड आपल्या राज्यात कोणाला कळत नाही, तेव्हा तो कागद सरळ फेकून द्यावा. दुसरी अशी की वाद घालण्यात अर्थ नाही, तेव्हा भरून टाकून मोकळे व्हावे. पुण्याहून ताईने दूरध्वनीवर दुसरीचाच पुरस्कार केला: "भरून टाक आणि सुटा. परक्या मुलखात कोर्टाची पायरी कशाला?" शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडचे व्यवहारज्ञान. ते अनुभवातून आलेले आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. तरीही या दोन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली समजूत काही दशकांपूर्वी बऱ्याच अंशी खरी होती. अमेरिकेत वाहनपरवाना राज्य देते, वाहतुकीचे कायदेही राज्याचेच. परराज्यातल्या चालकाला थांबवले तर पोलिसापुढे अडचण उभी राहायची: याला असेच सोडले तर तो परत येईल कशावरून? म्हणून अशा चालकाला प्रसंगी जामीन मागितला जाई, नाही तर तडक न्यायाधीशापुढे उभे केले जाई. या अडचणीतून दोन आंतरराज्य करार जन्माला आले. एक १९६० च्या दशकाच्या आरंभी आकाराला आलेला चालक-परवाना करार. 'एक चालक, एक परवाना, एक नोंद' हे त्याचे सूत्र. परराज्यात झालेली दोषसिद्धी चालकाच्या मूळ राज्याला कळवायची आणि मूळ राज्याने ती आपल्याच हद्दीत घडल्याप्रमाणे विचारात घ्यायची, असा त्याचा आशय. दुसरा १९७० च्या दशकातला अनिवासी नियमभंगकर्त्यांचा करार. त्यातला सौदा मला फार अर्थपूर्ण वाटतो. परराज्यातल्या माणसाला स्थानिक माणसाप्रमाणेच केवळ वचनावर जाऊ द्यायचे. त्याने वचन मोडले, म्हणजे उत्तरही दिले नाही आणि दंडही भरला नाही, तर त्याच्या मूळ राज्याने त्याचा परवाना निलंबित करायचा. काही मोजकी राज्ये सोडता बहुतेक राज्ये या दोन्ही करारांत सामील आहेत. तेव्हा कागद फेकून देणे म्हणजे दंड चुकवणे नव्हे, तर ज्या वचनाच्या बळावर आपण त्या दिवशी घरी जाऊ शकलो ते वचन मोडणे होय. न्यायालयात जातीने हजर राहणे सक्तीचे असलेल्या आरोपांत तर एवढ्यावरही भागत नाही. तिथे गैरहजर राहिले की अटकेचे वॉरंट निघते आणि ते वर्षानुवर्षे कुठल्या तरी फायलीत वाट पाहत राहते.

दुसरी समजूत अधिक सभ्य आहे, आणि म्हणूनच अधिक फसवी. साध्या वेगभंगाचा दंड टपालाने किंवा संगणकावरून भरता येतो. पण व्हर्जिनियात, आणि बहुतेक राज्यांत, दंड आगाऊ भरणे याचा अर्थ अपराध कबूल करणे असाच होतो. भरणाऱ्याला वाटते आपण प्रकरण मिटवले. प्रत्यक्षात त्याने स्वतःविरुद्ध निकाल लिहून दिलेला असतो. मग तो निकाल प्रवासाला निघतो. तो मूळ राज्यात पोचतो, तिथे परवान्यावर 'गुण' चढतात. (ज्या गुणांची संख्या शून्य असणे हाच गुण, असे हे एकमेव गुण असावेत.) त्यापाठोपाठ विमा कंपनी हप्ता वाढवते आणि ती वाढ सामान्यतः तीन ते पाच वर्षे सोबत करते. मूळ दंड या वाढीपुढे किरकोळ ठरतो.

या प्रवासातही प्रत्येक राज्याचा रिवाज वेगळा. परराज्यात वाहतुकीचा कोणताही नियमभंग झाला की न्यू जर्सी आपल्या चालकाला दोन गुण लावते, मग तो वेग दहा मैलांनी अधिक असो वा पंचवीस. न्यूयॉर्क आपल्या चालकांना परराज्यातील वेगभंगाचे गुण लावतच नाही. मात्र कॅनडातल्या ओंटारियो आणि क्वेबेक प्रांतांतले लावते. जॉर्जियाने २०१० पासून 'सुपर स्पीडर' नावाची तरतूद केली आहे: कुठल्याही रस्त्यावर ताशी ८५ मैल किंवा त्याहून अधिक वेग आढळला की स्थानिक दंडाखेरीज राज्याचे २०० डॉलर वेगळे. कॅलिफोर्नियात न्यायालयात न जाता लेखी निवेदनावर खटला चालवून घेता येतो आणि निकाल विरुद्ध गेला तर नव्याने सुनावणी मागता येते. अंतराने थकलेल्या परराज्यातल्या माणसाला याहून सोयीचा मार्ग क्वचितच कुठे मिळेल. व्हर्जिनियात अशी लेखी सोय नाही. पण जिल्हा न्यायालयाचा निकाल मान्य नसेल तर दहा दिवसांच्या आत वरच्या न्यायालयात अपील करता येते आणि तिथे सारा खटला पहिल्यापासून नव्याने चालतो. एकाच देशात, एकाच वेगाची, इतकी भाषांतरे.

असे असले तरी भाच्यापुढचे पर्याय मोजकेच होते. भरून टाकणे शक्य नव्हते, दुर्लक्ष करणे परवडणारे नव्हते. उरले तीन. एकट्याने जाऊन न्यायाधीशापुढे उभे राहणे. स्थानिक वकील देऊन आरोप सौम्य करून घेण्याचा प्रयत्न करणे. किंवा पूर्ण लढा देऊन रडारच्या नोंदीलाच आव्हान देणे. वकील शोधण्याचे कष्ट पडले नाहीत. समन्सची नोंद सार्वजनिक असते, त्यामुळे आठवडाभरातच त्याच्या पत्रपेटीत त्या परगण्यातल्या वकिलांची पत्रे येऊन पडू लागली. प्रत्येक पाकिटावर तातडीचा शिक्का, प्रत्येकात त्याच्या नावाची निराळी वर्णरचना. एका पत्राने त्याला 'प्रिय शेजारी' असे संबोधले होते. शेजारी साडेतीनशे मैलांवर राहत होता.

इथे ताईला न पटलेली गोष्ट सांगितली पाहिजे. या देशात जन्मलेल्या विद्यार्थ्याला हा प्रसंग म्हणजे खर्च आणि मनस्ताप. परदेशी विद्यार्थ्याला तो तेवढाच नसतो. व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न असतो: आपणास कधी अटक झाली आहे काय, कोणत्याही अपराधाबद्दल आपण दोषी ठरला आहात काय? पुढे कधी नागरिकत्वाचा अर्ज करायचा झाला तर तिथला प्रश्न याहूनही व्यापक आहे. त्यात अटकेबरोबर, केवळ असा कागद हाती पडला होता काय, हेही विचारतात. बेदरकार वाहन चालवण्याच्या एका दोषसिद्धीने कोणी सहसा हद्दपार होत नाही, हे खरे. पण 'सहसा' या शब्दावर पाच वर्षांचे संशोधन टांगून ठेवणे अवघड असते. ताईला तेव्हा माझी काळजी अतिरंजित वाटली. पुढे २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या 'सेव्हिस' या शासकीय प्रणालीतील नोंदी अचानक रद्द झाल्या. गुन्हेविषयक माहितीसंचात नाव सापडणे, एवढेच कारण त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत होते. काहींच्या नावावर वाहतुकीच्या किरकोळ नियमभंगापलीकडे काही नव्हते. काहींवरचे आरोप न्यायालयांनी पूर्वीच काढून टाकलेले होते. देशभर दावे दाखल झाले, न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिले आणि एप्रिलच्या अखेरीस शासनाने नोंदी पूर्ववत करण्याचे मान्य केले. पण त्या काही आठवड्यांत विद्यापीठांच्या वसतिगृहांत मुले जुने कागद शोधत होती. त्यानंतर 'कशाला कोर्टाची पायरी' हे वाक्य ताईने उच्चारलेले नाही.

भाच्याने वकील दिला. माझ्या मते ते योग्यच झाले. पण त्याला सतावणारा प्रश्न पैशाचा किंवा व्हिसाचा नव्हता, आणि त्याच प्रश्नासाठी मी हा लेख लिहीत आहे. वकिलाने त्याला सांगितले होते की न्यायाधीश विचारतील तेव्हा 'नॉट गिल्टी' म्हणायचे, अधिक काही बोलायचे नाही. भाचा मला म्हणाला, "मामा, पण गाडी तर मीच चालवत होतो. ट्रकला मागे टाकायला वेग घेतला, आणि मग कमी केलाच नाही. मग 'मी दोषी नाही' हे खोटं नाही का?"

इंग्रजीतल्या 'गिल्टी' या शब्दाची ही अडचण आहे. तो एकाच वेळी मनाची अवस्था सांगतो आणि न्यायालयीन निष्कर्षही. अपराधीपणाची भावना आणि अपराध सिद्ध होणे, दोन्हींना तोच शब्द. त्यामुळे 'नॉट गिल्टी' म्हणणारा माणूस जणू आपल्या अंतःकरणाविषयी साक्ष देत आहे असे भासते. पीटर ब्रुक्स यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रबलिंग कन्फेशन्स' या ग्रंथात कबुलीजबाबाचा विचार कायदा आणि साहित्य या दोन्ही अंगांनी केला आहे. आत्मशुद्धीसाठी दिलेली कबुली आणि राज्यसंस्थेच्या हाती दिलेली कबुली यांची सरमिसळ किती धोक्याची असते, याची जाणीव तो ग्रंथ वाचताना सतत होत राहते. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत सांगायचे तर 'नॉट गिल्टी' हे विधान वाटते, पण ते विधान नव्हे. ती कृती आहे. त्या दोन शब्दांनी माणूस जगाविषयी काही सांगत नाही. तो राज्याला एवढेच म्हणतो: तुमचा आरोप तुम्ही सिद्ध करा. म्हणूनच त्याला खरे-खोटे हे निकष लावणे अनाठायी ठरते. एखाद्याने 'मी शपथ घेतो' म्हटल्यावर आपण 'हे खरे की खोटे?' असे विचारत नाही, तसेच हे.

पण मला भाच्याला ऑस्टिन सांगावा लागला नाही. आपल्या कचेऱ्यांतला एक जुना शब्द पुरेसा होता. मराठी न्यायालयांत आरोपीला 'तू दोषी आहेस काय?' असे विचारण्याची रीत नाही. 'गुन्हा कबूल आहे काय?' असे विचारतात. 'गुन्हा' फारसीतून आला, 'कबूल' अरबीतून, आणि कबूल म्हणजे स्वीकार. मुसलमानी विवाहात वधूवर हाच शब्द उच्चारतात. तिथे तो शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करत नाही, संमती देतो. 'गुन्हा कबूल नाही' म्हणणारा माणूस 'मी तिथे नव्हतो' असे म्हणत नाही. समोर ठेवलेला हा आरोप, या शब्दांत, या कलमाखाली, मी स्वीकारत नाही, एवढेच तो म्हणतो. पेशवाईपासून दप्तरांत रुळलेल्या या शब्दाने इंग्रजी शब्दाचा नैतिक गुंता एका झटक्यात सोडवला आहे. "तू गाडी जोरात चालवलीस हे तुला मान्य आहे," मी म्हणालो. "तू बेदरकार गुन्हेगार आहेस हे तुला कबूल आहे का?" तो म्हणाला, "नाही." "मग तेच सांगायचंय."

(कबुलीचे सुलभीकरण आपल्याकडेही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे किरकोळ प्रकरणांत नोंदणीकृत टपालाने गुन्हा कबूल करून दंडाची रक्कम धाडता येते. अलीकडे महाराष्ट्रात तुंबलेली ई-चलने लोकअदालतीत तडजोडीने मिटवण्याची प्रथा पडली आहे. पायरी न चढता सुटण्याची इच्छा सार्वत्रिक असावी.)

मराठी वाचकाच्या मनात न्यायालयाचे चित्र बहुधा 'शांतता! कोर्ट चालू आहे'ने रंगवलेले असते: खेळ म्हणून सुरू झालेला खटला हळूहळू खरा होतो आणि माणसाला घेरतो. जागतिक साहित्याच्या वाचकाला काफ्का आठवतो. डिसेंबरातल्या त्या सकाळी भाच्यासोबत त्या छोट्या परगण्याच्या न्यायालयात बसलो असताना मला जाणवले की ही दोन्ही चित्रे इथे लागू पडत नाहीत. काफ्काच्या दाराशी माणूस आयुष्यभर ताटकळतो. इथले दार सताड उघडे होते आणि प्रत्येकाला लवकरात लवकर त्यातून आत घेऊन दुसरीकडून बाहेर काढण्याची घाई होती. भिंतीवर टाचलेल्या यादीत शंभराच्या वर नावे. फोन बाहेर गाडीत ठेवून यावे लागले होते, त्यामुळे सगळे एकमेकांकडे पाहत बसलेले. हाफ जॅकेट घातलेला ट्रकचालक, कडेवर मूल घेतलेली बाई, कोट घातलेले तीन विद्यार्थी. बाकांवरच्या कुजबुजीवरून मेरीलंड, न्यू जर्सी, फ्लोरिडा अशी गावे कळत होती. पोलीस अधिकारी समन्सांचे गठ्ठे हातात घेऊन एका कडेला उभे. एकेका प्रकरणाला दोन मिनिटे, क्वचित तीन.

त्या दोन मिनिटांत माणसे काय बोलत होती, ते ऐकण्यासारखे होते. प्रत्येक जण कथा सांगू पाहत होता. आई रुग्णालयात होती, उतार होता, मागची गाडी अंगावर येत होती. न्यायाधीश, साठीच्या बाई, शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, "वेग किती होता?" कथेला तिथे किंमत नव्हती असे नाही, पण तिची जागा अपराधाच्या निर्णयात नव्हती, शिक्षेच्या निर्णयात होती. निवेदनाचा हा क्रम वकिलाला ठाऊक असतो आणि सामान्य माणसाला नसतो. वकिलाचे शुल्क मुख्यतः या ज्ञानाचे असावे. ज्यांच्याकडे वकील नव्हता त्यांतले बरेच जण आपली कथा सांगता सांगता आरोप कबूल करून बसले. "हो, मी नव्वदने जात होतो, पण..." या वाक्यातल्या 'पण'च्या पुढचे कोणीच लिहून घेत नव्हते.

भाच्याच्या वकिलाने दोन कागद आणले होते. एक आठ तासांच्या वाहनसुरक्षा वर्गाचे प्रमाणपत्र. दुसरा गाडीच्या वेगमापकाच्या तपासणीचा दाखला: प्रत्यक्षात ८६ मैल वेग असताना भाच्याच्या गाडीतला काटा ८३ दाखवत होता. असा दाखला पुराव्यात घेण्याची स्पष्ट तरतूद व्हर्जिनियाच्या कायद्यात आहे. नाव पुकारले गेले. तीन अवयवांच्या त्या नावाची न्यायाधीशांनी तीन वेळा प्रामाणिक प्रयत्न करून वाट लावली आणि मग क्षमा मागितली. त्यांनी आरोप वाचला. भाचा म्हणाला, "नॉट गिल्टी." वकील आणि पोलीस अधिकारी हलक्या आवाजात काही बोलले. दोन्ही कागद पुढे गेले. न्यायाधीशांनी अधिकाऱ्याला विचारले की चालक कसा वागला. "सौजन्याने," तो म्हणाला. मग वकिलाने सुचवल्याप्रमाणे आरोप बदलण्यात आला: बेदरकारपणाच्या जागी साधा वेगभंग, ७० च्या हद्दीत ७९. या नव्या आरोपावर तुमचे म्हणणे काय? भाच्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गिल्टी." दंड, न्यायालयाचा खर्च, पुढचा. चार मिनिटे लागली असतील.

व्यवहाराच्या दृष्टीने प्रकरण इथे संपले. न्यू जर्सीने यथावकाश दोन गुण लावले. वर्षभर नियमभंग न केल्यास तिथे तीन गुण वजा होतात, तेव्हा तेही टिकणारे नव्हते. पण परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गंमत आहे. ८६ ने गेलो ते मी नाकारलं आणि ते खरं होतं. ७९ कबूल केलं, आणि ७९ ने मी गेलोच नव्हतो." त्याचे म्हणणे बिनतोड होते. ७९ हा आकडा रडारने दाखवला नव्हता, गाडीच्या काट्यानेही नाही. तो तिघा माणसांच्या संमतीने तयार झाला होता आणि आता अधिकृत दप्तरात सत्य म्हणून नोंदला गेला होता. काल्पनिकाचा हा एक प्रकार आपल्या साहित्यचर्चेत सहसा येत नाही: ज्यात कोणी कोणाला फसवत नाही, सर्वांना ते काल्पनिक असल्याचे ठाऊक असते, आणि तरी त्याचे परिणाम पूर्ण वास्तव असतात. ८६ हा आकडा वेगाविषयी अचूक होता, परंतु त्याला जोडलेला 'गुन्हेगार' हा शब्द त्या मुलाविषयी अचूक नव्हता. ७९ वेगाविषयी चूक आणि माणसाविषयी अधिक बरोबर.

या व्यवस्थेची स्तुती करण्याचा माझा हेतू नाही. दंडाचा पैसा जिथे दंड करणाऱ्याच्याच खिशात जातो तिथे न्यायाची काय अवस्था होते, याचे दाखले अमेरिकेच्या इतिहासात विपुल आहेत. ओहायोत महापौर स्वतः न्यायदान करीत आणि दोषी ठरवले तरच त्यांना मोबदला मिळे. १९२७ मध्ये 'टुमी विरुद्ध ओहायो' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की हा न्याय नव्हे. त्याच राज्यातले न्यू रोम नावाचे खेडे, जेमतेम साठ माणसांच्या वस्तीचे, महामार्गावरच्या वाहनचालकांच्या दंडावर जगत होते. २००४ साली ते गावच विसर्जित करण्यात आले. मिसुरीतल्या फर्ग्युसनविषयी केंद्रीय न्यायखात्याने २०१५ मध्ये जो अहवाल दिला त्यात तर पोलीस आणि न्यायालय यांचा उपयोग उत्पन्नाचे साधन म्हणून कसा केला जात होता आणि त्याची झळ कृष्णवर्णीयांना कशी सर्वाधिक बसत होती, हे तपशिलाने मांडले आहे. दंड ज्याला झेपत नाही त्याच्यावर वॉरंट, वॉरंटापायी नोकरी जाते, नोकरी गेल्यावर दंड आणखी झेपत नाही. माझ्या भाच्यापाशी वकिलाचे पैसे होते, रजा होती, सोबतीला मामा होता. कडेवर मूल घेतलेल्या त्या बाईपाशी यातले काहीच दिसत नव्हते. तिने मूळ आरोप कबूल केला आणि हप्त्याने पैसे भरण्याचा अर्ज घेऊन ती गेली. ८६ आणि ७९ यांमधले अंतर मुख्यतः पैशाने कापले जाते, हे त्या सकाळचे दुसरे सत्य आहे आणि पहिल्याने ते झाकले जाऊ नये.

व्हर्जिनियाच्या बाबतीत एक तपशील मात्र या वाचकांसाठी नोंदवण्याजोगा आहे. राज्याच्या कायद्याखालचा दंड तिथे पोलिसांकडे जात नाही. राज्यघटनेनुसार तो जमा होतो 'लिटररी फंड'मध्ये. १८१० साली स्थापन झालेला हा निधी सार्वजनिक शिक्षणासाठी आहे. शाळांच्या इमारतींना कर्ज द्यायला आणि शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाला त्याचा हातभार लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेफरसनच्या विद्यापीठालाही त्यातून साहाय्य मिळाले. तेव्हा बेदरकार वाहनचालकांनी व्हर्जिनियात दोनशेहून अधिक वर्षे नाही तरी मोटार आल्यापासून तरी अक्षरांची सेवा केली आहे, असे म्हणायला हरकत नाही. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्या दिवसात तो पहिल्यांदा हसला.

मागच्या महिन्यात त्याने मला पुन्हा एक प्रश्न विचारला. पुढे कधी तरी तो मोठा अर्ज भरावा लागेल. असा कागद कधी हाती पडला होता काय, या रकान्यात 'हो' लिहावे लागेल आणि खाली थोडक्यात हकीकत. "आकडा कुठला लिहू?" त्याने विचारले. "निकालावर ७९ आहे. मी गेलो ८६ ने."

मी म्हणालो, "दोन्ही लिही. आधी काय म्हटलं होतं ते, मग काय ठरलं ते. क्रम चुकवू नकोस."

त्याने तीन वाक्यांचा मसुदा करून पाठवला. त्यात एकही विशेषण नव्हते. मी काही बदलले नाही.